न्यू ऑर्लिन्सला मदत नको, हिशेब हवा

ऑगस्ट उतरणीला लागतो, मेक्सिकोच्या आखातात कुठलंतरी वादळ बाळसं धरू लागतं आणि ह्यूस्टनमधल्या आमच्या मराठी घरांत शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचा विषय निघतो. बहुतेक वेळा गणपतीच्या दिवसांत. आरती झालेली असते, हातात मोदकाची ताटली असते, टीव्हीवर वादळाच्या वाटेचा तो पांढरा शंकू दिसत असतो. मग कुणीतरी म्हणतं, "समुद्रसपाटीच्या खाली शहर वसवायचंच कशाला? आणि एकदा बुडाल्यावर पुन्हा बांधायचं कशाला, तेही आपल्या टॅक्सच्या पैशानं?" त्यावर दुसरं कुणीतरी, बहुधा नुकतंच तिथं वीकएंडला जाऊन आलेलं, कळवळून म्हणतं, "अहो पण जॅझ! ती गॅलऱ्यांची घरं! मार्दी ग्राचा तो कार्निव्हल! असं शहर पुन्हा होणार आहे का?" कॅटरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ ला आलं, २०२५ मध्ये त्याला वीस वर्षं झाली तेव्हा हा वाद नेहमीपेक्षा लांबला. दोन्हीकडची मंडळी हुशार, आकडे पाठ असलेली. तरी घरी परतताना वाटतं, की आजारी पोराबद्दल बोलायला बसलेले दोन काका एकानं त्याची पत्रिका आणि दुसऱ्यानं त्याचा गोड गळा यावर भांडून उठले. दुखणं कशानं झालं आणि औषधाचे पैसे कुणी द्यायचे, हे राहूनच गेलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. न्यू ऑर्लिन्सच्या डोक्यावरचा धोका निसर्गानं दिलेला नाही आणि तिथल्या माणसांच्या मूर्खपणातूनही आलेला नाही. मिसिसिपी नदीवरचा व्यापार अखंड चालावा, वरच्या राज्यांतली शेतं बुडू नयेत, आखातातलं तेल निघावं, म्हणून गेली शंभर-दीडशे वर्षं जे निर्णय घेतले गेले त्यांचा गाळ या एका जागी साठला आहे. तेव्हा तिथं होणारा खर्च ही मदत नव्हे, थकबाकी आहे. आणि ही थकबाकी फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागातल्या लोखंडी नक्षीची नाही. तिथं रोज उठून कामाला जाणाऱ्या माणसांची आहे. हा दुसरा मुद्दा शहराच्या चाहत्यांना पहिल्यापेक्षा जास्त टोचतो, असा माझा अनुभव आहे.

विरोधकांची बाजू कच्ची नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. आज सुमारे निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि जमीन अजून खचते आहे. समोरचा समुद्र चढतो आहे. १९३० च्या दशकापासून लुइझियाना राज्याची सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्यात गेली, म्हणजे जवळजवळ आठ बृहन्मुंबया. कॅटरिनानंतर साडेचौदा अब्ज डॉलर ओतून बांध, भिंती आणि प्रचंड दरवाजे उभे केले, पण तेही शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या वादळाच्या मापाचे. जुन्या योजनेच्या नावात 'संरक्षण' होतं, नव्या नावात 'धोका कमी करणं' आहे. सरकारी कागदावर इतका प्रामाणिक शब्दबदल क्वचित सापडतो. २०२१ मध्ये आयडा वादळ आलं, तेही २९ ऑगस्टलाच. बांध टिकले, पण शहराला वीज आणणाऱ्या आठच्या आठ वाहिन्या बंद पडल्या आणि वृद्धांच्या इमारतींमध्ये उकाड्यानं माणसं दगावली. त्यानंतर राज्यातल्या डझनभर विमा कंपन्या बुडाल्या. आणि शहरं सोडली जात नाहीत, असंही नाही. टेक्सासच्या किनाऱ्यावर इंडियानोला नावाचं भरभराटीचं बंदर होतं. १८७५ च्या वादळानं ते मोडलं, लोकांनी पुन्हा उभारलं, १८८६ मध्ये पुन्हा मोडलं, आणि मग लोक उठून गेले ते कायमचे. "इंडियानोला सोडता आलं, मग न्यू ऑर्लिन्स का नाही?" हा प्रश्न उर्मट वाटला तरी खोटा नाही.

पण त्याचं उत्तर शोधायला जागेपासून सुरुवात करावी लागते. जागा चुकली, हे गृहीतक कुणीच तपासत नाही. १७१८ मध्ये ब्येनव्हील या फ्रेंच अधिकाऱ्यानं ही वसाहत मांडली ती खड्ड्यात नव्हे, नदीनं शतकानुशतकं पुराबरोबर गाळ टाकून स्वतःच उंच केलेल्या काठावर. मागच्या बाजूनं पाँचरट्रेन सरोवरातून बायू सेंट जॉन या ओढ्यानं आत यायचं, थोडं अंतर माल खांद्यावर वाहायचा की माणूस थेट मिसिसिपीवर. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आणि उलटा प्रवाह यांच्याशी झुंजायची गरज नाही. मूळ रहिवाशांची ही वहिवाटीची वाट होती, फ्रेंचांनी फक्त ती ओळखली. ज्या नदीत अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या सुमारे ४० टक्के क्षेत्राचं पाणी येतं, तिच्या तोंडाशी एक शहर असणारच होतं. प्रश्न फक्त ते कुणाच्या ताब्यात राहणार एवढाच होता. तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष जेफर्सन यानं १८०२ मध्ये लिहून ठेवलं, की पृथ्वीवर एकच जागा अशी आहे की ती ज्याच्या हातात तो आपला नैसर्गिक शत्रू, आणि ती जागा न्यू ऑर्लिन्स. पुढच्या वर्षी दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला गेला, त्या सौद्याचं मूळ हे एक बंदर होतं. बाकीची जमीन, थोडं वाढवून सांगायचं तर, भाजीवालीनं वर टाकलेली कोथिंबीर. (अशा वर फुकट मिळालेल्या वस्तूला न्यू ऑर्लिन्समध्ये 'लान्याप' म्हणतात. शब्द अँडीजमधल्या केचुआ भाषेतून स्पॅनिश, तिथून फ्रेंच असा फिरत आला. दुकानदार तो अजूनही वापरतात.)

या बंदराचं वजन किती होतं, हे मराठी माणसाला तरी परक्या पुस्तकात शोधायची गरज नाही. यादवी युद्धाआधी ते अमेरिकेतलं सगळ्यात मोठं कापूस-बंदर होतं आणि गुलामांचा सगळ्यात मोठा बाजारही तिथलाच. ही दोन वाक्यं वेगळी नाहीत, एकाच वाक्याचे दोन भाग आहेत. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची नाकेबंदी केली, १८६२ च्या एप्रिलमध्ये शहर ताब्यात घेतलं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो मग गेला वऱ्हाड-खानदेशातून, मुंबईमार्गे. त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बॅक बेच्या शेअरांवर शहाणीसुरती माणसं वेडी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. दख्खनमध्ये भाव चढे असताना सावकारानं सैल हातानं दिलेलं कर्ज शेतकऱ्याच्या गळ्याशी आलं आणि १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या. एक नदीमुख बंद झालं आणि उघडलं, तर त्याचा हिसका पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला भीमाथडीपर्यंत बसतो. अशा जागेला 'चुकीची जागा' म्हणायचं?

आता समुद्रसपाटीचं. १८९० च्या दशकातल्या मोजणीत जवळजवळ सगळं शहर समुद्रसपाटीच्या वर होतं. मग ते खाली गेलं कसं? कारण मागची दलदल कोरडी करण्यात आली. बाल्डविन वूड नावाच्या शहराच्याच इंजिनिअरनं १९१३ मध्ये अवाढव्य स्क्रू पंप बनवला. त्या काळातले काही पंप अजूनही काम करताहेत. दलदलीतलं पाणी उपसलं, काळी भुसभुशीत जमीन हवेला लागली, सुकली, कुजली, आकसली आणि बशीसारखी खोल झाली. बशीत पाऊस साठतो म्हणून आणखी पंप, आणखी पंप म्हणून आणखी खोल. मुंबईनं समुद्रात भर टाकून जमीन वर आणली, न्यू ऑर्लिन्सनं पाणी काढून खाली नेली; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्हीला एकच शब्द होता, प्रगती. हे पंप शहरानं स्वतः बसवले, तेव्हा हा भाग त्याच्याच खात्यावर मांडला पाहिजे, हे मी मान्य करतो. पण बशीची कड, म्हणजे नदीचा बांध आणि समुद्राकडची भिंत, ही एकट्या शहराच्या हातात कधीच नव्हती.

ती होती लष्कराच्या इंजिनिअर दळाच्या, आर्मी कोअरच्या हातात. एकोणिसाव्या शतकात कोअरनं ठरवलं, की नदीला दोन्ही बाजूंनी बांध घालायचे, बाकी काही नाही. वरच्या राज्यांतली शेती सुरक्षित झाली, बोटींना खोल पाणी मिळालं, आणि दर पुराबरोबर लुइझियानाच्या किनाऱ्यावर पसरणारा गाळ बांधांच्या पन्हळीतून थेट खोल समुद्रात जाऊ लागला. पुढे मिसूरी नदीवर धरणं झाली, तीत उरलासुरला गाळ अडकला. तेल कंपन्यांनी पाणथळीतून हजारो मैल कालवे खणले, त्यांतून खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं, माती सुटली. नदीलाही स्वतःचं मत होतं: तिला अचाफलाया नदीच्या जवळच्या वाटेनं समुद्र गाठायचा होता. पण मग बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स पट्ट्यातले कारखाने आणि बंदरं कोरडी पडली असती. म्हणून १९६३ पासून ओल्ड रिव्हर इथल्या दरवाज्यांनी ३० टक्के पाणी अचाफलायाला आणि ७० टक्के मिसिसिपीला, असा कायद्यानं ठरलेला हिस्सा तिला पाळावा लागतो. या एकेका निर्णयाचा फायदा कुणाला झाला? आयोवातल्या मक्याला, शिकागोच्या सट्टाबाजाराला, ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांना, म्हणजे आमच्यातल्या निम्म्या घरांच्या पगाराला. आजही अमेरिकेच्या धान्य-निर्यातीतला अर्ध्याहून मोठा वाटा या नदीच्या शेवटच्या टप्प्यातल्या बंदरांतून जातो. धान्य आमचं, तेल आमचं, आणि खचणारी जमीन तेवढी त्यांची?

"बंदर ठेवा, शहर कशाला?" असं यावर एका मित्रानं विचारलं. चांगला प्रश्न आहे. क्रेन चालवायला पावणेचार लाख माणसं लागत नाहीत, हे खरंच. पण कॅटरिनानंतर बंदर सुरू करायची वेळ आली तेव्हा कामगारांना राहायला घरं नव्हती, जहाजांवर त्यांची सोय करावी लागली. क्रेन चालवणाऱ्याच्या मुलांना शाळा लागते, शाळेच्या बाईंना दवाखाना लागतो, दवाखान्यातल्या आयाला बस लागते, आणि बस चालवणाऱ्याला सोमवारी राजमा-भात लागतो. त्या साखळीला आपण शहर म्हणतो.

कॅटरिनाचीच गोष्ट घ्या. 'वादळानं शहर बुडवलं' हे वाक्य इतकं रुळलंय की ते अर्धंच खरं आहे, हे विसरायला होतं. वादळ शहराच्या पूर्वेकडून गेलं. त्याच सकाळी सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन ॲव्हेन्यूच्या कालव्याच्या भिंती कोसळल्या, त्याही पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधी. ज्या उंचीसाठी त्या बांधल्या होत्या तेवढं पाणीही त्यांना पेललं नाही. ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं, या वादळात सगळीकडे मिळून चौदाशेच्या आसपास माणसं गेली. हे संरक्षण उभारायचा हुकूम संसदेनं १९६५ च्या बेट्सी वादळानंतर दिला होता. चाळीस वर्षांनंतरही ते अपुरं होतं, आणि ही व्यवस्था नावापुरतीच व्यवस्था होती, असं २००६ मध्ये कोअरच्याच तपासणी-अहवालानं म्हटलं. लोक कोर्टात गेले. २००८ मध्ये न्यायाधीशांनी कोअरवर कडक ताशेरे ओढले आणि दावा फेटाळला, कारण पूरनियंत्रणाच्या १९२८ च्या कायद्यानं सरकारला अशा नुकसानीच्या जबाबदारीतून मोकळं ठेवलेलं आहे. ठेकेदारानं बांधलेला पूल पडला तर आपण गावाला विचारतो का, की बाबांनो, ओढ्यापलीकडे राहायचंच कशाला? पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवून बघायला सांगा. पानशेत फुटलं तेव्हा मुठेच्या काठी राहणाऱ्यांची चूक झाली, असं म्हणायचं धाडस कुणी केलं असतं?

इथं एक गोष्ट मला माझ्याच युक्तिवादाविरुद्ध सांगितली पाहिजे. न्यू ऑर्लिन्स हे निव्वळ पिळवणूक झालेलं शहर नाही. १९२७ च्या महापुरात शहरातल्या बँकवाल्यांनी आणि बड्या व्यापाऱ्यांनी राज्यपालांकडून परवानगी मिळवली आणि २९ एप्रिलला केर्नार्व्हन इथं बांध सुरुंगानं उडवला. शहरावरचा दाब कमी व्हावा म्हणून खालच्या अंगाचे सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स हे दोन परगणे बुडवले. मासेमारी आणि मस्करत या पाणउंदराच्या कातड्यांवर जगणारी सुमारे दहा हजार माणसं घराबाहेर काढली. भरपाईची वचनं दिली होती. हातात पडलं ते लाजिरवाणं. आणि वरच्या अंगाला बांध फुटतच होते, त्यामुळे सुरुंगाची गरजही नव्हती. म्हणजे अमेरिका न्यू ऑर्लिन्सशी जसं वागली तसंच न्यू ऑर्लिन्स आपल्या शेजाऱ्यांशी वागलं. कुणाची जमीन ओली झाली तर चालेल, हे ठरवणारे लोक नेहमी कोरड्या खोलीत बसलेले असतात. म्हणूनच मी म्हणतो, की 'शहर वाचवा' एवढं पुरेसं नाही. शहरातलं कोण, हे विचारलंच पाहिजे.

आणि इथं मला शहराच्या चाहत्यांशी भांडायचंय. त्यांचं प्रेम खरं असतं, पण ते पाहुण्याचं प्रेम आहे. फ्रेंच क्वार्टर वाचलं पाहिजे, असं म्हणताना ते वाचलेलंच आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. ते उंचावर आहे, कॅटरिनात फारसं बुडालंही नाही. गंमत म्हणजे 'फ्रेंच' म्हणून ज्या घरांचे फोटो काढले जातात त्यांतली बरीचशी स्पॅनिश अंमलातली किंवा त्यानंतरची. १७८८ आणि १७९४ च्या आगींत मूळ फ्रेंच गाव जळून गेलं. १९६० च्या दशकात या क्वार्टरच्या पुढ्यात, नदीकाठानं सहापदरी उन्नत महामार्ग न्यायची योजना होती. प्रतिष्ठित मंडळींनी मोठा लढा दिला आणि १९६९ मध्ये ती रद्द झाली. शाबास. पण तिथून पंधरा मिनिटं चाललात तर क्लेबोर्न ॲव्हेन्यू लागतो. ट्रेमे या काळ्या वस्तीचा तो मुख्य रस्ता: मधल्या पट्ट्यात ओकच्या रांगा, दोन्ही बाजूंना काळ्यांच्या मालकीची दुकानं, विमा कचेऱ्या, मार्दी ग्राच्या दिवशी झाडांखाली जेवणं मांडलेली कुटुंबं. त्याच दशकात ओक तोडले आणि वरून महामार्ग गेला. तो रद्द झाला नाही. आता पुलाच्या खांबांवर झाडं रंगवलेली आहेत. मला त्या चित्रांचं कौतुक करावंसं वाटतं आणि वाटतही नाही.

जॅझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याचं काय झालं? १९०१ मध्ये ज्या गल्लीतल्या घरात तो जन्मला ते १९६४ मध्ये पाडलं, पोलीस आणि कोर्टाच्या इमारतींसाठी. गोऱ्या-काळ्या वादकांनी एकत्र वाजवू नये, असा राज्याचा कायदा होता म्हणून तो स्वतः कित्येक वर्षं गावी वाजवायला आला नाही. आज विमानतळाला त्याचं नाव आहे. घर पाडून नाव देणं, या शहराला ही युक्ती चांगली जमते.

ज्याला आपण 'आकर्षण' म्हणतो ते तिथं कसं तयार होतं, हे समजून घेतलं तर हा वाद निम्मा मिटेल. पितळी वाद्यांमागे छत्र्या फिरवत नाचणारी 'सेकंड लाइन' पाहायला जग जातं. तिचं मूळ शोधलं तर निघतात काळ्या लोकांच्या वर्गणीच्या मंडळ्या. विमा कंपन्या त्यांना उभं करत नव्हत्या. मग महिन्याला थोडे पैसे टाकायचे, कुणी आजारी पडलं तर डॉक्टर, कुणी गेलं तर बँडसह अंत्ययात्रा. कबरीकडे जाताना संथ सूर, देह कबरीच्या हवाली केला की परतताना नाच. गिरणगावातली कोकणी गावमंडळं आठवा: खोलीचं भाडं, आजारपण, गावी मयताला जायचं भाडं आणि त्याच माणसांचं भजन-नमन. दोन्हीकडे कला ही वर्गणीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली होती. आता ती वही फाडून फक्त मागचं पान जपता येईल का? कॅटरिनानंतर नेमकं हेच करायला गेले. मिरवणुकीच्या परवान्याची फी कित्येक पटींनी वाढवली. मंडळ्या कोर्टात गेल्या तेव्हा ती खाली आली. २००७ मध्ये ट्रेमेत एका ट्यूबावादकाच्या स्मरणार्थ निघालेली मिरवणूक आवाजाची तक्रार आली म्हणून पोलिसांनी अडवली आणि दोन वादकांना धरून नेलं. जाहिरातीत त्यांचाच फोटो असतो.

जेवणाचंही तेच. गंबो हे नाव ज्या आफ्रिकी शब्दावरून आलं त्याचा अर्थ भेंडी, आणि भेंडीचा तो बुळबुळीतपणा, जो घालवायला आपण लिंबू पिळतो, तिथं रस्सा दाट करायला मुद्दाम वापरतात. सोमवार धुण्याचा दिवस म्हणून रविवारच्या हॅमचं हाड टाकून राजमा दिवसभर मंद आचेवर. (आमच्या घरी सोमवार उपासाचा, त्यामुळे या संस्कृतीशी माझी ओळख मंगळवारी शिळ्यावर झाली.) पो-बॉय हे लांबडं सँडविच, सर्वमान्य गोष्टीप्रमाणे, १९२९ च्या ट्रामसंपात संपकऱ्यांना फुकट खाऊ घालण्यातून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले चिकनच्या भरतकामाचं कापड विकत इथं आले आणि ट्रेमेत राहिले, कारण गोऱ्या वस्तीत त्यांना जागा नव्हती. काहींनी तिथल्याच काळ्या बायकांशी संसार थाटले. हे शहर मिसळीसारखं आहे असं म्हणायचा मोह होतो, पण मिसळीत कुणी कुणाला पुलाखाली ढकलत नाही.

मग कॅटरिनानंतर कुणाला वाचवलं गेलं? २००६ च्या जानेवारीत महापौरांच्या समितीनं एक नकाशा काढला. काही वस्त्यांवर हिरवे ठिपके: इथं पुढे उद्यानं करता येतील. लोकांनी तो सकाळच्या वर्तमानपत्रात पाहिला आणि आपलं घर बागेखाली गेल्याचं त्यांना कळलं. संताप इतका झाला की नकाशा गुंडाळावा लागला. शहर आटोपशीर करण्याचा विचार त्या दिवशी मेला आणि तो मेला याचं मला पूर्ण समाधान नाही, कारण सगळीकडे विरळ वस्ती पुन्हा उभी राहिली, गटारं-दिवे पुरवणं अवघड झालं. पण दोष कुणाचा? आधी घर देऊन मग बाग मागितली असती तर गोष्ट वेगळी. चर्चेत 'सोडून द्यावी' अशी वस्ती म्हणून नाव नेहमी लोअर नाइंथ वॉर्डचं, जिथं काळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या मालकीच्या घरात राहत. गोऱ्या मध्यमवर्गाचं लेकव्ह्यू बरंचसं त्याहून खोल आहे. त्याचं नाव सहसा निघत नसे. घरं दुरुस्त करायचं अनुदान आलं तर ते घराच्या वादळाआधीच्या बाजारभावात किंवा दुरुस्तीच्या खर्चात, जे कमी असेल त्यावर बेतलेलं. काळ्या वस्तीत तेच घर स्वस्त, म्हणून दुरुस्ती सारखीच असून हातात पैसे कमी. चार मोठ्या सरकारी वसाहती पाडायचं २००७ मध्ये ठरलं. १७३६ पासून गरिबांना औषध देणारं चॅरिटी हॉस्पिटल पुन्हा उघडलंच नाही. २००० च्या जनगणनेत शहरात ४,८४,६७४ माणसं होती, २०२० मध्ये ३,८३,९९७. काळ्या रहिवाशांची संख्या लाखाहून अधिकनं घटली. त्यांतले कित्येक जण इथं, ह्यूस्टनमध्ये, माझ्या ऑफिसच्या मागच्या अपार्टमेंटांत राहतात. 'शहर सोडावं का' हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही, तो बाजारभावानं सोडवला.

आणि ह्यूस्टन? २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळानं इथं चार दिवस पाऊस ओतला. शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही १९४० च्या दशकातली दोन धरणं आहेत, एरवी कोरडी. पूर आला की त्यांच्या पोटात पाणी साठावं, हीच त्यांची रचना. त्या पोटात गेल्या काही दशकांत बंगले झाले, गोल्फच्या हिरवळी झाल्या, नामांकित शाळा झाल्या, आणि आपली बरीच मंडळी त्या शाळांसाठी तिथं राहायला गेली. हार्वेत धरणं ठरल्याप्रमाणे भरली आणि हजारो घरांत पाणी शिरलं. तेव्हा कुणी विचारलं का, की ह्यूस्टन पुन्हा बांधावं की नाही? हॉलंडची सुमारे चतुर्थांश जमीन समुद्राच्या खाली. १९५३ च्या पुरात तिथं अठराशेहून जास्त माणसं गेली, आणि त्या देशानं पुढची चार दशकं बांध घातले. हॉलंडला जायला दुसरी जागा नव्हती, अमेरिकेला आहे, हा फरक मी नाकारत नाही. पण काही शहरांना अस्तित्व सिद्ध करावं लागतं आणि काहींना फक्त विमा भरावा लागतो, हा फरक समुद्रसपाटीनं पडलेला नाही.

माघार कधीच घ्यायची नाही, असं माझं म्हणणं नाही. या शतकात काही वस्त्या सोडाव्या लागतील, बहुधा बांधाबाहेरच्या आधी. जिथली जवळपास सगळी जमीन पाण्यात गेली त्या आयल द जाँ चार्ल्स बेटावरच्या आदिवासी कुटुंबांना आत हलवायला २०१६ मध्ये ४८ दशलक्ष डॉलर मंजूर झाले. नवी घरं मिळेपर्यंत २०२२ उजाडलं, आणि तरी तक्रारी आहेतच. मोजकी कुटुंबं, सहा वर्षं. 'सोडून द्या' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लाखो माणसांना लावून बघावा आणि मग सांगावं, की बांध महाग की माघार. दुसरीकडे, नदीचा गाळ पुन्हा पाणथळीत सोडून जमीन बनवायची सुमारे तीन अब्ज डॉलरची मिड-बॅराटारिया योजना, २०१० च्या तेलगळतीच्या दंडातून पैसे आलेली, २०२३ मध्ये भूमिपूजन झालेली, राज्य सरकारनं जुलै २०२५ मध्ये रद्द केली. गोड्या पाण्यानं कालवं आणि कोळंबी मरेल, ही तिथल्या कोळ्यांची भीती खरी होती. पण पुन्हा तेच: कोळ्याला किती भरपाई, किती वर्षं, कोण देणार, या हिशेबाला बसण्याऐवजी योजनाच मोडली. जमीन गेली की कालवंही राहणार नाहीत.

गेल्या गणपतीत ज्यांच्याकडे हा वाद झाला त्या घरी मी शेवटी एवढंच केलं, की फोनवर जिल्ह्याचा पूर-नकाशा काढून यजमानांच्या घराचा पत्ता टाकला. बार्करच्या पोटात. त्यांना माहीत होतं. हार्वेत त्यांच्याकडे गुडघाभर पाणी होतं; विमा सरकारी योजनेचा, म्हणजे ज्या योजनेत न्यू ऑर्लिन्सचे लोकही हप्ता भरतात तीच. "पण आमची गोष्ट वेगळी आहे," ते म्हणाले, "आम्हाला घर घेताना कुणी सांगितलंच नव्हतं." मी म्हटलं, लोअर नाइंथलाही नव्हतं. मग वहिनींनी दुसरा मोदक वाढला आणि विषय शाळेच्या ॲडमिशनवर गेला.